खडे आणि पूड : पृष्ठफळाचा अभिक्रियेच्या दरावर होणारा परिणाम मोजून कसा दाखवावा

दहावीच्या विज्ञानात हा प्रयोग चार ओळींत आटोपतो. एका परीक्षानळीत शहाबादी फरशीचे तुकडे घ्यायचे, दुसरीत तेवढ्याच वजनाचा तिचा चुरा घ्यायचा, दोन्हींत सारखे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचे आणि चुरा अधिक जोमाने फसफसतो हे पाहायचे. डोळ्यांनी पाहण्यापुरते हे पुरेसे आहे. परंतु हाच प्रयोग विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा प्रकल्पासाठी मोजमापासह करायचा म्हटले की एकेक अडचण पुढे येऊ लागते. आमच्या पहिल्या प्रयत्नात खडे संगमरवराचे काम करणाऱ्या कारागिराकडून आणले होते आणि पूड रसायनांच्या दुकानातून विकत घेतली होती. आलेख सुंदर आला. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही एकाच दगडाचे आहेत का?", आणि त्या प्रश्नाने महिनाभराचे काम निरुपयोगी ठरले. विद्यार्थ्यांचे उतरलेले चेहरे मला आजही आठवतात. पुढच्या दोन वर्षांत हा प्रयोग आम्ही अनेकदा केला, आणि त्यात जे जे हाती लागले ते नव्याने हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

१. नेमके काय दाखवायचे ते आधी ठरवा

तुम्हाला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत आणि त्यांपैकी दुसरी बहुतेक जण विसरतात. पहिली गोष्ट अशी की वजन तेवढेच ठेवून दगडाचे कण लहान केले तर अभिक्रियेचा दर वाढतो. दुसरी गोष्ट अशी की दर वाढला तरी शेवटी तयार होणारा एकूण वायू वाढत नाही. "पुडीतून जास्त वायू निघतो" असे वाक्य अनेक तक्त्यांवर लिहिलेले आढळते. ते चुकीचे आहे. पुडीतून तेवढाच वायू लवकर निघतो.

यामागचे कारण समजण्यासाठी सापशिडीचे आठ फासे घ्या आणि ते दोन-दोनच्या रांगांत रचून एक मोठा घन तयार करा. प्रत्येक फाशाची बाजू १ सेंमी धरली तर या घनाच्या बाहेरील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, म्हणजे पृष्ठफळ, २४ चौरस सेंमी भरते. आता फासे सुटे करा. प्रत्येक फाशाच्या सहा बाजू उघड्या झाल्या, म्हणून एकूण पृष्ठफळ ४८ चौरस सेंमी झाले. फाशांची संख्या आठच राहिली, त्यांच्या वजनात काहीही भर पडली नाही; जे पृष्ठभाग आत एकमेकांना चिकटून दडलेले होते, ते केवळ बाहेर आले. हाच मोठा घन १ मिमी बाजूच्या कणांत फोडला तर ८,००० कण होतील आणि त्यांचे पृष्ठफळ ४८० चौरस सेंमी होईल, म्हणजे मूळच्या वीसपट. आम्ल दगडाच्या आत शिरत नाही, ते फक्त उघड्या पृष्ठभागावरील द्रव्याला भिडते. म्हणून एका क्षणी किती द्रव्य अभिक्रियेत भाग घेऊ शकेल हे पृष्ठफळ ठरवते, तर एकूण किती द्रव्य आहे हे वजन ठरवते.

येथेच एक इशारा देतो. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात विरघळवून हा परिणाम दाखवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिथेही पृष्ठफळच काम करते. परंतु साखर विरघळणे हा भौतिक बदल आहे, रासायनिक अभिक्रिया नव्हे. प्रकल्पाच्या शीर्षकात "रासायनिक अभिक्रियेचा दर" असे शब्द असतील तर हे उदाहरण मुख्य प्रयोग म्हणून घेऊ नका.

२. साहित्य जमवा

– एकाच फरशीचे अथवा दगडाचे तुकडे, साधारण पाव किलो
– विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, १ मोलार (म्हणजे एक लीटर द्रावणात १ मोल आम्ल; मोल हे पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक), निदान ६०० मिली
– २५० मिलीचे, एकाच मापाचे तीन शंकुपात्रे (शाळेत यांना चंबू म्हणतात)
– १०० मिलीचे मोजपात्र
– ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि निदान ५०० ग्रॅम पेलणारा डिजिटल वजनकाटा
– लोखंडी खलबत्ता, पिठाची चाळण व रव्याची चाळण (तिन्ही गोष्टी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायच्या नाहीत)
– कापूस, गुळगुळीत कागद, तापमापी, स्टॉपवॉच आणि चित्रण करण्यासाठी मोबाइल
– सुरक्षा चष्मा, हातमोजे, खाण्याचा सोडा, बादलीभर पाणी
– तारखेसह लिहिलेली नोंदवही

यांत वजनकाट्यावर खर्च करावा, बाकी ठिकाणी काटकसर चालते. एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा प्रयोग होणार नाही. कारण तुम्हाला जो बदल टिपायचा आहे तो सगळा मिळून एक ग्रॅमही भरत नाही.

३. दगड पारखून घ्या

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि चुनखडीचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असतो. कोटा फरशीही चुनखडीच. संगमरवरही चालतो, पण विचारपूर्वक घ्यावा, कारण बाजारात संगमरवर म्हणून विकला जाणारा काही दगड डोलोमाइटचा असतो; त्यात मॅग्नेशियमही असते आणि थंड विरल आम्लात तो फारच सावकाश फसफसतो. परीक्षा सोपी आहे : दगडाच्या अखंड, धुतलेल्या पृष्ठभागावर विरल आम्लाचे दोन थेंब टाका. लगेच जोरात बुडबुडे आले तर दगड कामाचा आहे. ओरखडा काढून निघालेल्या भुकटीवर थेंब टाकून ही परीक्षा करू नका, कारण भुकटीवर डोलोमाइटही फसफसतो आणि तुमची फसगत होते. दगड ओळखताना आपण याच प्रकल्पाच्या विषयात अडकतो, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिले तर त्यांना फार आनंद होतो.

फळ्यावर लिहिण्याचा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा असतो असे समजून तो आणला जातो. बाजारातील पुष्कळ खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात आणि ते आम्लात फसफसतच नाहीत. रांगोळीही टाळा; ती नेमक्या कोणत्या दगडाची आहे हे पाकिटावर लिहिलेले नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खडे, कण आणि पूड हे तिन्ही एकाच तुकड्यातून काढा. शक्य असेल तर फोडण्यापूर्वी त्या तुकड्याचे छायाचित्र नोंदवहीत चिकटवा. परीक्षकांना मग वेगळे सांगावे लागत नाही.

४. फोडा, चाळा आणि धुवा

दगड जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, चष्मा लावूनच फोडा. त्यातून हरभऱ्याएवढे खडे वेचून बाजूला ठेवा. हा पहिला गट. दुसरा गट साबुदाण्याएवढ्या कणांचा. तो रव्याच्या चाळणीवर अडकलेल्या भागातून निवडून घ्या. उरलेला भाग खलबत्त्यात कुटून पिठाच्या चाळणीतून खाली पडेल ती पूड हा तिसरा गट.

आता ज्या पायरीकडे आम्ही सुरुवातीला दुर्लक्ष केले ती सांगतो. फोडलेल्या खड्यांवर बारीक धूळ बसलेली असते. आम्लात टाकताच पहिल्या काही सेकंदांत ही धूळ जळू लागल्यासारखी फसफसते, वजन झपाट्याने उतरते आणि मग दर एकाएकी मंदावतो. आलेखावर सुरुवातीलाच एक विचित्र उडी दिसते, आणि खड्यांचा प्रारंभिक दर खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरतो. आम्ही आठवडाभर तिचा दोष वजनकाट्याला देत होतो. शेवटी एका मुलीने खडा बोटांत धरून काळ्या कापडावर फिरवला आणि कापडावर पांढरी रेघ उमटली. तेव्हापासून खडे व कण वाहत्या पाण्याखाली चांगले चोळून धुतो, आणि उन्हात किंवा पंख्याखाली निदान दोन दिवस पसरून पूर्ण कोरडे करूनच तोलतो. ओला खडा तोलला तर वजनात पाणी मोजले जाते.

प्रत्येक गटाचे २.०० ग्रॅम वजन करून वेगवेगळ्या पुड्या बांधा. प्रत्येक गटाच्या तीन, म्हणजे एकूण नऊ. कण घनाकृती मानले आणि दगडाची घनता दर घन सेंमीला २.७ ग्रॅम धरली, तर २ ग्रॅम दगडाचे पृष्ठफळ ८ मिमीच्या खड्यांत सुमारे ५.५ चौरस सेंमी, २ मिमीच्या कणांत सुमारे २२ आणि ०.२ मिमीच्या पुडीत सुमारे २२२ चौरस सेंमी येते. हा अंदाज आहे, खरे कण घन नसतात. पण तक्त्यावर हे तीन आकडे लिहा, कारण विषयाचे मर्म त्यांतच आहे.

५. आम्लाची तयारी

हे काम शिक्षकांनीच करावे. संहत (तीव्र) आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. संडास-न्हाणीघर धुण्याचे ॲसिड वापरू नका. त्याची संहती (द्रावणातील आम्लाचे प्रमाण) ठाऊक नसते आणि त्यात इतर पदार्थही असतात. हायड्रोक्लोरिक आम्ल नाही म्हणून सल्फ्युरिक आम्ल घेऊ नका. त्यातून बनणारे कॅल्शियम सल्फेट पाण्यात फारसे विरघळत नाही, दगडावर त्याचा थर बसतो, आणि अभिक्रिया मध्येच थंडावते.

प्रत्येक वेळी ६० मिली आम्ल घ्या. हा आकडा सहज निवडलेला नाही. २ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ०.०२ मोल, त्याला ०.०४ मोल आम्ल लागते, म्हणजे १ मोलार आम्लाचे ४० मिली. ६० मिली घेतल्यामुळे आम्ल शिल्लक राहते आणि दगड पूर्ण संपतो. नऊही वेळी आम्ल एकाच बाटलीतले आणि खोलीच्याच तापमानाचे असू द्या, व ते तापमान लिहून ठेवा. सकाळी खड्यांचा आणि भर दुपारी पुडीचा प्रयोग केला तर तापमानाचा परिणाम पृष्ठफळाच्या परिणामात मिसळतो आणि मग दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

ज्यांना घरी केवळ पाहायचे आहे त्यांनी पांढरे व्हिनेगर आणि अंड्याची टरफले घ्यावीत. आतील पातळ पापुद्रा सोलून अर्धी टरफले हाताने मोडावीत, अर्धी कुटावीत. अभिक्रिया सावकाश होते, मोजमापाला ती सोयीची नाही.

६. प्रत्यक्ष मोजणी

अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि तेवढे वजन कमी होते. हीच तूट आपण मोजणार आहोत. तयारी याप्रमाणे करा. वजनकाटा सपाट टेबलावर ठेवा, पंखा बंद करा (वाऱ्याने शंभराव्या भागाचे आकडे नाचत राहतात), आणि काट्यावर आम्लाचे शंकुपात्र, कापसाचा सैल बोळा व दगडाची उघडी पुडी अशा तिन्ही वस्तू एकत्र ठेवून एकूण वजन लिहा. काटा आणि स्टॉपवॉच दोन्ही चौकटीत येतील असा मोबाइल उभा करून चित्रण सुरू करा. मग दगड आम्लात सोडा, कागद पुन्हा काट्यावर ठेवा, बोळा बसवा. पात्र एकदाच, पाच सेकंद, गोल फिरवून परत ठेवा आणि त्यानंतर त्याला हात लावू नका. चित्रण असल्यामुळे पहिल्या मिनिटात दर १० सेकंदांनी आणि नंतर दर ३० सेकंदांनी आकडे निवांतपणे उतरवता येतात. पुडीच्या वेळी डोळ्यांनी वाचून लिहिणे अशक्यच असते.

येथे काही खाचखळगे आहेत, आणि ते सगळे आम्ही अनुभवले आहेत.

काटा शून्यावर आणण्याचा मोह टाळा. काही वजनकाटे शून्याजवळचा सावकाश होणारा बदल आपोआप पुसून पुन्हा शून्य दाखवतात. खड्यांची अभिक्रिया मंद असल्यामुळे समोर बुडबुडे दिसत असतानाही काटा ०.०० वर थिजून राहतो. म्हणून एकूण वजनच लिहा आणि वजाबाकी वहीत करा. काही काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंदही होतात. ती सोय आधीच बंद करता येते का ते पाहा.

पुडीच्या गाठी होऊ देऊ नका. पिठले करताना पीठ एकदम ओतले की बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात, अगदी तसेच येथेही घडते. गाठीच्या आतल्या पुडीला आम्ल लागत नाही, म्हणजे कष्टाने वाढवलेले पृष्ठफळ वाया जाते. पूड कागदाच्या पन्हाळीतून दोन-तीन सेकंदांत पसरून सोडा. फेसाबरोबर वर चढून काचेला चिकटलेली पूड ते पाच सेकंदांचे फिरवणे खाली आणते.

बोळा सैलच असावा. तो फवाऱ्याबरोबर उडणारे आम्लाचे तुषार अडवतो आणि वायू जाऊ देतो. २ ग्रॅम दगडातून खोलीच्या तापमानाला साधारण पावणेपाचशे ते पाचशे मिली वायू तयार होतो. बूच घट्ट लावले तर पात्र फुटू शकते. घट्ट बूच कधीही लावू नका, बंद बाटलीत हा प्रयोग करू नका.

पूड बहुधा पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच संपते, खडे मात्र दहा मिनिटांनंतरही फसफसत राहतात. खड्यांना पूर्ण वेळ द्या. तास संपत आला म्हणून खड्यांची नोंद अर्ध्यावर सोडली की "पुडीतून जास्त वायू" हा चुकीचा निष्कर्ष तयार होतो.

हिशेबाने शुद्ध दगडाची तूट ०.८८ ग्रॅम यायला हवी. तुमची त्याहून कमी भरेल आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. फरशीत मातीचे व इतर न विरघळणारे अंश असतात, ते तळाशी गाळ म्हणून दिसतात. थोडा वायू पाण्यातच विरघळून राहतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो काही प्रमाणात पात्रातच साचतो. तिन्ही पात्रे एकाच मापाची घ्यायला सांगितली ती याचसाठी. बुडबुडे थांबल्यावर पात्र हलकेच हलवून पाच मिनिटे उघडे ठेवा आणि मग शेवटचे वजन घ्या. तिन्ही गटांची अंतिम तूट जवळजवळ येते.

७. आलेख काढा आणि वाचा

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वजनातील तूट घ्या. प्रत्येक गटाच्या तीन वाचनांची सरासरी मांडा, आणि तिन्ही गटांचे वक्र एकाच कागदावर तीन रंगांत काढा. वेगवेगळ्या कागदांवर काढले तर तुलना हरवते. पुडीचा वक्र सुरुवातीलाच उभा चढेल व लगेच आडवा होईल, साबुदाण्याएवढ्या कणांचा मधोमध जाईल, खड्यांचा सावकाश चढत येईल, आणि शेवटी तिघेही जवळपास एकाच उंचीला टेकतील. ती समान उंची तक्त्यावर ठळक रेषेने दाखवा. प्रारंभिक दर काढण्यासाठी सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ मोजा : त्या भागातील तूट भागिले त्यासाठी लागलेले सेकंद.

वक्र का वाकतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः सांगता आले पाहिजे. अभिक्रिया पुढे सरकते तसे दगडाचे कण झिजून त्यांचे पृष्ठफळ घटते आणि आम्लाची संहतीही कमी होते. दोन्ही कारणांनी दर उतरतो. म्हणूनच तुलना नेहमी सुरुवातीच्या दरांची करावी. मात्र पृष्ठफळ दहापट झाले म्हणून दरही बरोबर दहापट झाला पाहिजे असा आग्रह धरू नका. पुडीच्या बाबतीत पहिले दहा सेकंद ती सोडण्यात आणि भिजण्यातच जातात, त्यामुळे तिचा मोजलेला दर नेहमीच खऱ्यापेक्षा कमी येतो. आकडे जसे आले तसे लिहा. गुळगुळीत वक्रासाठी एखादे वाचन बदललेले मला अजिबात मान्य नाही.

८. परीक्षकांचे प्रश्न

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेला आहे. त्याचे सर्वांत जवळचे उत्तर पोटात आहे. आम्लपित्तावरील चावून खाण्याच्या अनेक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. म्हणजे तुमच्या शंकुपात्रातील अभिक्रियाच तिथे होते. गोळी चावून खा असे पाकिटावर लिहिलेले असते, त्याचे एक मोठे कारण पृष्ठफळ हेच आहे. आम्लधर्मी जमिनीत चुनखडी घालतानाही ती बारीक दळलेली लागते, नाहीतर ती मातीत खड्यांसारखी पडून राहते.

दुसरे उत्तर गंभीर आहे. गव्हाचे पोते सहजासहजी पेटत नाही, पण हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या प्रत्येक कणाला चहूबाजूंनी ऑक्सिजन भिडलेला असतो, आणि एका ठिणगीने सगळे पीठ क्षणात पेटू शकते. १७८५ साली इटलीतील तुरीन येथे पिठाच्या गोदामात असा स्फोट झाला होता. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस येथील प्रचंड पीठगिरणी अशाच स्फोटात उद्ध्वस्त झाली आणि १८ माणसे मृत्युमुखी पडली. हे तक्त्यावर जरूर लिहा. परंतु डब्यात पीठ उडवून मेणबत्तीने पेटवण्याचे जे प्रात्यक्षिक काही जण दाखवतात, ते शाळेत किंवा घरी करू नका, शिक्षक शेजारी असले तरीही करू नका.

"संहती वाढवली असती तर?" असे विचारले तर दर वाढला असता असे सांगा, आणि म्हणूनच ती आम्ही नऊही वेळी सारखी ठेवली, हे लगेच जोडा.

९. आवराआवर

उरलेल्या द्रावणात आम्ल शिल्लक असते. मोठ्या पात्रात ते एकत्र करून त्यात चमचा-चमचा खाण्याचा सोडा घाला आणि फसफसणे पूर्ण थांबले की भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. आम्ल अंगावर उडाले तर सोडा चोळत बसू नका, ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहून डॉक्टरांकडे न्या. उरलेले खडे, कण आणि पूड तीन बरण्यांत भरून त्यांवर दगडाचा प्रकार, चाळण आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या लावा. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक "आत्ता करून दाखवा" म्हणाले तर याच बरण्यांतून २.०० ग्रॅम तोलून घ्यायचे असतात.